क्रेडिट : जमा की उधार?

आमच्या वस्तीतील एक मावशी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटतात. मध्यंतरी त्या कार्ड घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, पगार झाला की मोबाईलवर क्रेडिट असं येतं. ह्या कार्डावरबी क्रेडिटच लिवलंय. म्हणून मशीनमधनं पाच हजार काढले. आता म्हणतात, व्याजासकट भरा." कार्ड देणाऱ्या पोराने 'यात पन्नास हजार आहेत' एवढेच सांगितले होते. ते कोणाचे, हे सांगितले नव्हते.

मावशींना हसू नये. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी मीही येथेच अडखळलो होतो. हा शब्द मूळ लॅटिन. विश्वास ठेवणे हा त्याचा अर्थ. आपल्याकडे त्यास 'पत' म्हणतात. म्हणूनच क्रेडिट सोसायटी ती पतसंस्था. विश्वास कोणी कोणावर टाकला, त्यावर सारे फिरते. आपण बँकेत पैसे ठेवले की बँक आपली देणेकरी होते. पासबुक हा बँकेच्या वहीतला उतारा, म्हणून तेथे आपली जमा 'क्रेडिट' असते. तीच रक्कम आपण आपल्या वहीत रीतसर मांडली, तर बँकेचे खाते 'डेबिट' करावे लागते! क्रेडिट कार्डात मात्र विश्वास बँक टाकते आणि देणेकरी आपण. वाण्याच्या 'क्रेडिट बंद'चाही अर्थ तोच, उधारी बंद.

कॉलेजातील मुले 'चार क्रेडिटचा विषय' म्हणतात, ते अभ्यासाच्या तासांचे माप. जयंतीच्या मंडपाचे क्रेडिट कोणाचे, यावरून आमच्या मंडळात दरवर्षी जुंपते, ते निराळे!

कार्डाने खरेदी केली आणि पूर्ण बिल मुदतीत भरले तर व्याज लागत नाही. रोख काढली तर त्याच दिवसापासून व्याज, वर शुल्क. बिलावरची 'किमान रक्कम' भरून सुटका होत नाही. उरलेल्यावर व्याज चालूच राहते. हप्ता थकला की 300 ते 900 मधला सिबिलचा आकडा घसरतो आणि पुढे घराचे कर्ज अडते. हा अहवाल 2017 पासून वर्षातून एकदा मोफत मिळतो. तो जरूर मागवावा.

मावशींनी भिशी उचलून सगळी रक्कम भरली. कार्ड बंद करण्याचा अर्ज मी लिहून दिला. सही करून त्यांनी पिशवीतून दुसरे कार्ड काढले.

"आन् हे डेबिटचं?"

"ते तुमच्याच पगाराचं, मावशी."

त्यांनी ते रुमालात गुंडाळून परत ठेवले.