बॉस, बॉट आणि बोका!

एआय आपली नोकरी खाणार का, या टेन्शनमध्ये चहा थंड होतोय? थांबा! आधी ऑफिसातल्या यंत्रांच्या या भन्नाट गमती चाखा.

कॉम्प्युटर पाहिजेत!
माहीत आहे का? एके काळी 'कॉम्प्युटर' हा चक्क माणसाचा हुद्दा होता! आकडेमोड करणारा तो कॉम्प्युटर. 'नासा'च्या कॅथरिन जॉन्सन त्यातल्याच. १९६२ मध्ये अंतराळवीर जॉन ग्लेननं उड्डाणाआधी हट्टच धरला: मशीननं काढलेले आकडे या बाईंकडून तपासून घ्या!

वेठीला कोण?
'रोबो' शब्द आला कारेल चापेकच्या १९२० च्या 'आर. यू. आर.' या नाटकातून. मूळ चेक शब्द 'रोबोटा', म्हणजे वेठबिगारी!

आता गंमत ऐका. 'मी रोबो नाही' हे पटवायला वेडीवाकडी अक्षरं टाइप केली होतीत ना? त्या 'रीकॅप्चा' चाचणीतला एक शब्द जुन्या छापील मजकुरातला असायचा, मशीनला न वाचता आलेला. तो तुम्ही वाचून दिलात. फुकटात! सांगा, वेठबिगार कोण?

हुकमाचा एक्का
१९९० मध्ये विंडोज ३.० सोबत आलेला 'सॉलिटेअर' बनवला एका इंटर्ननं. रॉयल्टी? शून्य! पठ्ठ्यानं त्यात 'बॉस की'ही टाकली होती. बटण दाबलं की पत्ते गायब, स्प्रेडशीट हजर! मायक्रोसॉफ्टनं ती काढायला लावली. शेवटी हुकूम बॉसचाच.

कॉफी लाइव्ह!
केंब्रिज, १९९१. जिने चढून-उतरून जावं, तर कॉफीचं भांडं रिकामं! वैतागलेल्या संगणकतज्ज्ञांनी भांड्यावर कॅमेराच रोखला. पुढे तो वेबवर गेला आणि जगभर गाजला. २००१ मध्ये भांड्याचा लिलाव झाला: ३,३५० पौंड! गरज ही शोधाची जननी असेल, तर आळस नक्कीच मावशी.

एटीएमनं कॅशियर खाल्ले?
छे! अमेरिकेत उलटंच झालं. एटीएममुळे शाखा कमी माणसांत चालू लागली, खर्च उतरला, म्हणून बँकांनी शाखाच वाढवल्या. कित्येक वर्षं कॅशियरांची एकूण संख्या घटण्याऐवजी वाढली!

म्याँव, मिलॉर्ड!
फेब्रुवारी २०२१, टेक्सास. झूमवर सुनावणी, आणि वकीलसाहेबांच्या जागी फिल्टरमधलं मांजर! आपण मांजर नाही, हे त्यांना कोर्टाला सांगावं लागलं.

हा बोका परवडला. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले खटल्यांचे दाखले कोर्टात ठोकून दिले. त्यातले सहा खटले कधी झालेच नव्हते! दंड ५,००० डॉलर. भरला कोणी? बॉटनं नव्हे हं!

म्हणून ग्लेनसाहेबांचा हट्ट लक्षात ठेवा: गणित मशीनचं, तपासणी माणसाची. 'एआय'ला लाडानं 'ए आई' म्हणा हवं तर, पण तुमच्या चुका पोटात घालायला ती काही येणार नाही!