वादळ येते तेव्हा

सिहोरा हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले गाव. आजूबाजूला धानाच्या बांध्या आणि जवळच चांदपूरचा मोठा तलाव. समुद्र येथून फार दूर आहे. पूर्वेचा बंगालचा उपसागर पाचशे किलोमीटरहून अधिक लांब, तर पश्चिमेचा अरबी समुद्र सातशे किलोमीटरहून अधिक लांब. तरी वादळ म्हणजे काय, हे येथल्या मुलांना सांगावे लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ऊन रणरणते. संध्याकाळी आकाश काळवंडते, धूळ उठते, विजा कडाडतात आणि बघता बघता गोठ्यावरचे टिनाचे पत्रे उडून जातात. मात्र तासाभरात सारे शांत होते.

समुद्रावर उठणारे चक्रीवादळ याहून निराळे असते. ते कित्येक दिवस टिकते आणि शेकडो किलोमीटर पसरते. असे वादळ कसे तयार होते, ते घरादारावर आले म्हणजे काय घडते आणि ते गेल्यावर माणसे पुन्हा कशी उभी राहतात, हे आपण या पाठात पाहू.

चक्रीवादळाचा जन्म उबदार समुद्रावर होतो. समुद्राचे पाणी सुमारे २६ ते २७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापले, की त्यावरची हवा गरम होते. तिच्यात भरपूर वाफ असते. गरम हवा हलकी असल्यामुळे ती वर जाते आणि खाली हवेचा दाब कमी होतो. मग चारही बाजूंची हवा त्या जागेकडे धावते. वर गेलेल्या वाफेचे ढग बनतात. वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेमुळे हवा आणखी वेगाने वर जाते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ही धावणारी हवा सरळ न जाता गोल फिरू लागते. आपल्या उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर किंवा त्याहून जास्त झाला, की त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि त्याचे बारसे होते.

होय, वादळांनाही नावे असतात! उत्तर हिंदी महासागराभोवतीचे १३ देश ही नावे सुचवतात. नावामुळे एका वादळाची दुसऱ्या वादळाशी गल्लत होत नाही आणि सूचना लोकांच्या लक्षात राहते. हेच वादळ अमेरिकेच्या बाजूला आले, तर त्याला 'हरिकेन' म्हणतात. मराठीत आपण वादळाला 'तुफान' असेही म्हणतो. हा शब्द अरबी भाषेतून आला आहे आणि तो तुमच्या उर्दूतही आहे. 'मान्सून' हा शब्दही अरबी 'मौसिम' या शब्दापासून झाला आहे, असे मानतात.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ३ जून २०२० रोजी असेच एक मोठे चक्रीवादळ आले. बांगलादेशाने सुचवलेले त्याचे नाव होते 'निसर्ग'. ते दुपारी रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांना त्याचा मोठा तडाखा बसला.

त्या दिवशी श्रीवर्धनजवळच्या एका घरात काय घडले असेल, याची आपण कल्पना करू. घर कौलारू. मागे नारळ-सुपारीची वाडी. घरात दादी, अब्बा, अम्मी आणि दोन मुले. त्यांची नावे आपल्याला नकोत, कारण थोड्याफार फरकाने किनाऱ्यावरच्या हजारो घरांत हेच घडले.

आदल्या दिवशी बंदरावर धोक्याचा बावटा लागला. कोळ्यांनी होड्या वर ओढून घेतल्या. संध्याकाळी गावात भोंगा फिरला, "कच्च्या घरांतल्या आणि किनाऱ्यालगतच्या लोकांनी शाळेत जावे." अम्मीने कागदपत्रे, औषधे, बॅटरी आणि थोडे खाणे एका पिशवीत भरले. तेव्हा करोनाची साथ चालू होती. म्हणून तोंडाला बांधायचे रुमालही तिने आठवणीने घेतले. अब्बांनी गाईचे दावे सोडले.

दादी मात्र जागची हलेना. ती म्हणाली, "हे घर तुझ्या वडिलांनी बांधलं. मी कुठं जाऊ? तुम्ही जा."

अब्बा तिच्याजवळ बसले. म्हणाले, "अम्मा, घर पडलं तर मी पुन्हा बांधीन. तुला पुन्हा कुठून आणू?"

दादी काही बोलली नाही. थोड्या वेळाने ती उठली आणि पायांत चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस सुरू झाला. दुपारी वारा घोंगावू लागला. शाळेच्या खिडक्या थडथडत होत्या. बाहेर पत्रे कागदासारखे उडत होते. विजेचे खांब वाकले. माड कमानीसारखे झुकत होते आणि मोडत होते. वादळ गोल फिरत असते, म्हणून ते पुढे सरकते तेव्हा वाऱ्याची दिशा बदलते. आधी एका बाजूने झोडपलेली झाडे मग दुसऱ्या बाजूने झोडपली जातात. त्यांची मुळे सैल होतात आणि मोठमोठी झाडेही उन्मळून पडतात. वादळाच्या मधोमध 'डोळा' असतो. तो डोक्यावरून जाताना वारा अचानक पडतो. वादळ संपले असे समजून लोक बाहेर येतात. पण थोड्याच वेळात दुसऱ्या बाजूचा वारा तितक्याच जोराने सुरू होतो. म्हणून सूचना मिळाल्याशिवाय कधीही बाहेर पडू नये.

संध्याकाळी कुटुंब घराकडे निघाले. वाट ओळखू येत नव्हती. जिकडेतिकडे झाडे आडवी पडली होती. घराच्या भिंती उभ्या होत्या, पण छप्पर अर्धे उडाले होते. अंथरुणे, धान्य, मुलांची पुस्तके, सारे भिजले होते. वाडीतल्या बहुतेक पोफळी जमिनीवर होत्या. सावलीची सवय असलेल्या अंगणात एकाएकी उजेड पसरला होता. दादी त्या उजेडाकडे बघत राहिली.

मित्रांनो, वादळ काही तासांचे असते. त्यानंतरचे दिवस मात्र फार लांब असतात. वीज नव्हती. काही गावांत ती परत यायला कित्येक आठवडे लागले. वीज नाही म्हणून पंप नाही आणि पंप नाही म्हणून पाणी नाही. मोबाईल बंद, त्यामुळे दूरच्या नातेवाइकांना खुशालीही कळवता येईना. विहिरीत पालापाचोळा पडला होता, म्हणून पाणी गाळून व उकळून प्यावे लागे. त्यात पावसाळा तोंडावर आलेला. सगळ्यांनाच एकदम पत्रे, कौले आणि सुतार हवे होते. ते मिळेपर्यंत छपरावर ताडपत्री बांधून लोकांनी दिवस काढले. नुकसानीचे पंचनामे झाले. सरकारची व अनेक संस्थांची मदत आली. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या वाटेतली झाडे तोडून दूर केली. ज्याच्याकडे कोरडे तांदूळ होते त्याने ते वाटून घेतले.

घराचे छप्पर काही आठवड्यांत होते, पण वाडीचे तसे नाही. नारळ-सुपारीचे रोप लावल्यापासून फळ धरायला पाच ते आठ वर्षे लागतात. म्हणजे एका दुपारी कितीतरी वर्षांची कमाई गेली. तरी लोकांनी खड्डे खणले आणि रोपे लावली. आपल्या कल्पनेतल्या दादीनेही एक रोप आपल्या हाताने लावले. "याचे नारळ मुलं खातील," ती म्हणाली.

आता तुम्ही विचाराल, "सिहोऱ्याच्या मुलांचा याच्याशी काय संबंध?" संबंध आहे. चक्रीवादळ जमिनीवर आले, की त्याला समुद्राची वाफ मिळत नाही. त्यामुळे वारा कमी होतो, पण पाऊस पुढे चालत राहतो. सप्टेंबर २०२१ मध्ये बंगालच्या उपसागरात एक चक्रीवादळ झाले. त्याचे नाव पाकिस्तानने सुचवले होते, 'गुलाब'. २६ सप्टेंबरला ते आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर आले. मग दुबळे होत तेलंगण, विदर्भ व मराठवाडा ओलांडून गेले. मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. पुढे त्याचा उरलेला भाग अरबी समुद्रात पोचला. तेथे त्याला पुन्हा वाफ मिळाली आणि नवे चक्रीवादळ उठले. त्याचे नाव कतारने सुचवलेले होते, 'शाहीन', म्हणजे ससाणा. ते ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर धडकले. गुलाबाचा असा शाहीन झाला!

भंडारा जिल्ह्याला तर वाऱ्यापेक्षा पाण्याचे भय अधिक. वैनगंगा नदी मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते. बावनथडीही तिकडूनच येते आणि वैनगंगेला मिळते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला. तिथल्या संजय सरोवर धरणातून पाणी सोडावे लागले. वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहरात आणि नदीकाठच्या अनेक गावांत पाणी शिरले, रोवणी झालेल्या बांध्या बुडाल्या. आपल्या गावात पाऊस नसतानाही पूर येऊ शकतो, हे लोकांना त्या वेळी कळले.

वादळ किंवा पूर थांबवणे माणसाच्या हातात नाही, पण जीव वाचवणे त्याच्या हातात आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशात आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. २०१३ मध्ये त्याच राज्यात 'फायलिन' नावाचे भयंकर वादळ आले. त्या वेळी सुमारे दहा लाख लोकांना आधीच सुरक्षित जागी नेले होते. मृतांची संख्या पन्नासहून कमी राहिली. फरक कशाने पडला? वेळेवर मिळालेल्या सूचनेने, आणि ती ऐकून घर सोडणाऱ्या माणसांनी.

घर पुन्हा बांधता येते. रोप पुन्हा लावता येते. त्यासाठी माणसे मात्र हवीत.

शब्दार्थ
बांधी – धानाचे बांध घातलेले शेत
बारसे – नाव ठेवण्याचा समारंभ
गल्लत – घोटाळा, चूक
बावटा – झेंडा, निशाण
दावे – जनावर बांधण्याची दोरी
माड – नारळाचे झाड
पोफळ – सुपारीचे झाड
उन्मळून पडणे – मुळांसकट पडणे
पंचनामा – पाहणी करून केलेली नोंद
रोवणी – धानाची रोपे लावण्याचे काम

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सिहोरा हे गाव कोणत्या तालुक्यात आहे?
(आ) 'निसर्ग' चक्रीवादळ कोणत्या जिल्ह्यात किनाऱ्यावर धडकले?
(इ) 'गुलाब' हे नाव कोणत्या देशाने सुचवले होते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) चक्रीवादळ जमिनीवर आल्यावर दुबळे होते.
(आ) वारा अचानक थांबला तरी लगेच बाहेर पडू नये.
(इ) आपल्या गावात पाऊस नसतानाही नदीला पूर येऊ शकतो.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वादळानंतर कुटुंबाला कोणकोणत्या अडचणी आल्या?
(आ) दादी घर सोडायला का तयार नव्हती? ती कशी तयार झाली?

प्र. ४. तुफान, मौसिम, गुलाब यांसारखे उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत चालणारे पाच शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना त्यांनी पाहिलेल्या वादळाची किंवा पुराची आठवण विचारा आणि ती मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.