१२३४५६७८९८७६५४३२१ : एका डेम्लो संख्येचे गुणधर्म व वर्गीकरण

प्रस्तावना
देवळाली येथे १९३० ते १९६२ या काळात शालेय शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी संख्यांचे अनेक नवे वर्ग शोधले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्या कार्याची दखल घेतली, तोपर्यंत अनेकांनी ते केवळ मनोरंजन मानले होते. हा आक्षेप कितपत योग्य आहे, हे प्रस्तुत लेखात एका संख्येच्या आधारे तपासले आहे.

संख्येची रचना
ही संख्या सतरा अंकी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील स्थाननामांनुसार तिचा पहिला अंक 'मध्य' या स्थानी येतो. त्यापुढील स्थान 'परार्ध' होय. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग केला असता ती मिळते. या गुणाकारात स्तंभांतील एककांची संख्या १ पासून ९ पर्यंत वाढते व पुन्हा १ पर्यंत उतरते. कोठेही हातचा येत नाही. दहा वेळा १ घेतल्यास मात्र हातचा येतो व ही रचना मोडते.

१, १२१, १२३२१ या मालिकेतील संख्यांना कापरेकरांनी डेम्लो संख्या म्हटले. डेम्लो हे डोंबिवली स्थानकाचे जुने नाव. येथे डावा भाग १२३४५६७८ व उजवा भाग ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९ येते आणि मधला अंकही ९ च आहे.

वर्गीकरण
(१) अवयव : ३⁴ × ३७² × ३३३६६७². म्हणून ती विषम, संयुक्त व पूर्ण वर्ग आहे. तिचे विभाजक ५ × ३ × ३ = ४५ आहेत.
(२) न्यून संख्या : स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरते.
(३) हर्षद संख्या : अंकांची बेरीज ८१ असून ८१ ने तिला निःशेष भाग जातो.
(४) स्वयंभू नाही : १२३४५६७८९८७६५४२४० या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज ८१ मिळविल्यास आपली संख्या येते. म्हणजे तिला 'जनक' आहे, आणि तो एकच आहे.

विवेचन
पहिले दोन गुणधर्म संख्येचे स्वतःचे आहेत. ती कोणत्याही पद्धतीत लिहिली तरी ते बदलत नाहीत. शेवटचे दोन दशमान लेखनावर अवलंबून आहेत. आक्षेपाचे मूळ येथे आहे. परंतु संख्या हर्षद का ठरते, हे शोधताना ३⁴ या अवयवापर्यंत जावेच लागते. जनक शोधतानाही नऊच्या कसोटीने बहुतेक पर्याय आधीच बाद होतात.

निष्कर्ष
अंकांचे निरीक्षण हे अंकगणिताच्या सिद्धांतांकडे नेणारे प्रवेशद्वार ठरू शकते. वरील प्रत्येक विधान विद्यार्थ्याला कागद-पेन्सिलीने पडताळता येते, म्हणून अध्यापनात या संख्यांना स्थान असणे उचित होय.