घरातले सोने, जुनी नाणी आणि सराफाचा काटा

सोने घेताना माणूस चार दुकाने फिरतो, घासाघीस करतो, घडणावळ कमी करून घेतो. तेच सोने मोडायची वेळ आली की मान खाली घालून एकाच पेढीची पायरी चढतो आणि सराफ सांगेल ती रक्कम घेऊन घरी येतो. कारण उघड आहे. घेताना घरात आनंद असतो, विकताना अडचण असते. कोणाला सुताचे पैसे चुकते करायचे असतात, कोणाला दवाखान्याचे बिल भरायचे असते, कोणाला मुलीची फी. अडलेला माणूस हिशेब विचारायला लाजतो आणि ही लाज त्याला महाग पडते.

आम्ही कापडाचे व्यापारी, सराफी हा आमचा धंदा नव्हे. पण मालेगाव, भिवंडी यांसारख्या यंत्रमागाच्या गावांत मंदी आली की घराघरांतले सोने बाजारात येते, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. सर्व सराफ वाईट असतात असे आमचे म्हणणे नाही. गावातला जुना सराफ पिढ्यान्‌पिढ्यांचा ओळखीचा असतो, नाव राखून असतो, अडीनडीला उभा राहतो. पण ओळख आपल्या जागी आणि हिशेब आपल्या जागी. कापडाचा तागा घेताना आम्ही पन्हा मोजतो, मीटर मोजतो, सुताचा काउंट पाहतो, मगच भाव बोलतो. सोन्याच्या बाबतीतही हाच नियम लावायला हवा.

भावात कोणी सहसा फसवत नाही, कारण भाव रोज वर्तमानपत्रात येतो. नुकसान होते ते वजन, कस आणि घट या तीन ठिकाणी. नाण्यांच्या बाबतीत चौथे ठिकाण आहे, ते म्हणजे नाणे न ओळखताच मुशीत टाकणे.

तोळा कोणता?

आजच्या बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता. जकातीचा निसाब साडेसात तोळे सोने म्हणजे ८७.४८ ग्रॅम, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. तो हिशेब याच जुन्या तोळ्याचा. आता आजीच्या काळच्या चिठ्ठीवर "पाच तोळे" लिहिलेले असेल, तर तो डाग ५८.३२ ग्रॅम भरायला हवा. चिठ्ठी दाखवून आजच्या पाच तोळ्यांचे, म्हणजे ५० ग्रॅमचे पैसे घेतले, तर ८ ग्रॅमहून जास्त सोने फुकट गेले. म्हणून चिठ्ठीवर विसंबू नये. प्रत्येक डाग वेगळा, ग्रॅममध्ये, दोन ठिकाणी वजन करावा. काट्यावर वैध मापन खात्याचा शिक्का आहे की नाही आणि वजनापूर्वी काटा शून्यावर आहे की नाही, हे पाहण्यात संकोच नसावा.

कस आणि घट

२२ कॅरट म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, १८ कॅरट म्हणजे ७५०. जुन्या दागिन्यांवर हॉलमार्क नसतो. शिवाय १९६३ साली सरकारने १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचे दागिने घडवण्यास बंदी घातली होती; ही मर्यादा १९६६ साली उठली. त्या काळात घडवलेला डाग कमी कसाचा निघू शकतो. त्यामुळे "आमचे सोने अस्सल आहे" हा आपला दावा आणि "हे हलके आहे" हा सराफाचा दावा, दोन्ही तपासल्याशिवाय मानू नयेत.

कसोटी आणि तेजाबाने अंदाज येतो. यंत्राने टंच काढला तर आकडा मिळतो, पण ते यंत्र मुख्यत: वरचा थर वाचते, मुलामा किंवा डागणी असेल तर आकडा चुकतो. भारतीय मानक ब्युरोने मान्यता दिलेल्या हॉलमार्किंग केंद्रांत सामान्य ग्राहकही शुल्क भरून आपला दागिना तपासून घेऊ शकतो. विक्रीपूर्वी ही एक खेप वाचवू नये.

आता घट. कुंदनाच्या डागात लाख भरलेली असते, खडे असतात, मणी असतात. त्यांचे वजन वजा करणे रास्त आहे. पण खडा नाही, लाख नाही, अशा साध्या बांगडीवर "जुने सोने आहे, दहा टक्के घट" असे सांगितले तर कारण विचारावे. हिशेब सोपा व्हावा म्हणून समजा, शुद्ध सोन्याचा भाव १० ग्रॅमला १,००,००० रुपये आहे आणि आपली बांगडी ३० ग्रॅमची, २२ कॅरटची आहे. तिच्यात २७.४८ ग्रॅम शुद्ध सोने आहे, किंमत २,७४,८०० रुपये. दहा टक्के घट कापली की उरले २,४७,३२०. त्यावर "हे २० कॅरटच भरते" म्हटले की उरले २,२४,९१०. भाव तोच राहिला आणि जवळजवळ पन्नास हजार रुपये गेले! सराफाने आपला नफा म्हणून भावात थोडा फरक ठेवावा, तो त्याचा हक्क आहे. पण तो नफा म्हणून सांगावा, घट म्हणून नव्हे.

सोने वितळवायचे ठरले तर आपल्यासमोर वितळवावे, आधीचे व नंतरचे वजन लिहून घ्यावे आणि सौदा पटेपर्यंत लगड आपली आहे, हे आधीच बोलून ठेवावे.

चांदीचे रुपये: साल वाचा

जुन्या पेट्यांत सोन्याहून जास्त सापडतात ते राणीछाप व राजाछाप रुपये. इंग्रजी रुपयाचे वजन बरोबर एक जुना तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.६७ टक्के चांदी आहे, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मीच, ५.८३ ग्रॅम. १९४७ चा रुपया निकेलचा आहे. तो लोहचुंबकाला चिकटतो.

आमच्या माहितीतल्या एका विधवा भगिनीकडे असे ६० रुपये होते. त्यांतले ४० जुन्या चांदीचे, २० युद्धकाळातले. दुकानदाराने वरचे दोन-चार १९४४ चे पाहून सगळ्यांना एकच दर लावला. खरी चांदी सुमारे ५४४ ग्रॅम होती, पैसे मिळाले ३५० ग्रॅमचे. साल वाचून दोन ढीग केले असते तर हे झाले नसते, आणि त्यासाठी पाच मिनिटे पुरे होती.

काही रुपये चांदीच्या भावात द्यायचेच नसतात. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२ पासून चित्र बदलले. १९११ चा हा रुपया संग्राहक मागतात. १९३९ चा रुपया तर फारच दुर्मिळ. म्हणून त्याच्या नकलाही पुष्कळ आहेत. सोन्याच्या गिनीचे वजन ७.९८ ग्रॅम, कस २२ कॅरट. मुंबईच्या टांकसाळीतही १९१८ साली गिन्या पाडल्या गेल्या. मात्र नाका जोडून हारात ओवलेल्या गिनीला संग्राहक कमी किंमत देतो.

फारसी अक्षरे वाचणाऱ्याचा फायदा

आम्ही उर्दू शाळेत शिकलो, त्याचा उपयोग अशा ठिकाणी होतो. मोगली नाण्यावर बादशहाचे नाव, हिजरी साल आणि "जर्ब" या शब्दासोबत टांकसाळीचे गाव असते. सुरत, बुऱ्हाणपूर ही नावे आढळतात. "खुजिस्ता बुनियाद" म्हणजे औरंगाबाद. ज्या घरात कोणाला उर्दू वाचता येते, त्या घराने असे नाणे "कसलेसे जुने" म्हणून वजनावर देऊ नये. मात्र शाह आलमचे नाव दिसले म्हणून नाणे बादशहाच्याच टांकसाळीतले असे समजू नये. मराठ्यांनी आणि कंपनीनेही त्याच्या नावाने रुपये पाडले. हिजरी सालाचा अंदाज असा काढावा: सालाला ३३ ने भागून आलेली संख्या त्यातून वजा करावी व ६२२ मिळवावे. हिजरी १२०० म्हणजे इसवी १७८६ च्या आसपास.

मराठवाड्यातल्या घरांत निजामाचा चारमिनार छापाचा हाली रुपया सापडतो. त्याचे वजन व चांदी दोन्ही इंग्रजी रुपयापेक्षा कमी. तो ढीग वेगळाच ठेवावा.

नाणी चिंचेने, राखेने, पॉलिशने मुळीच घासू नयेत. चकाकी येते, किंमत जाते. ही नाणी सोन्याच्या सराफाऐवजी नाण्यांच्या जाणकार व्यापाऱ्याला दाखवावीत, तीही किमान दोघांना. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्र संशोधनाची संस्था व संग्रहालय आहे. तेथे अस्सल नाणी पाहून नजर तयार होते. १८१८ सालची, रामदरबाराचे चित्र असलेली "कंपनीची" नाणी लाखो रुपयांना जातात अशा अफवांवर विश्वास ठेवू नये. कंपनीने तशी नाणी पाडलीच नाहीत. जुन्या नाण्यांचे लाखो देतो म्हणून आधी कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ साली दिला आहे.

वारसांचा हक्क आणि कायदा

वडिलांची पेटी थोरल्या मुलाच्या कपाटात राहिली म्हणून ती त्याची होत नाही. शरियतप्रमाणे मुले असताना विधवेचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक भाग. नाणी वाटणे कठीण, कारण एक रुपया दुसऱ्यासारखा नसतो. म्हणून आधी यादी करावी, प्रत्येकाचे वजन व फोटो ठेवावेत, सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात, मग विक्री करून पैसे वाटावेत. बहिणींना न विचारता केलेला सौदा कितीही चांगल्या भावाचा असला, तरी तो अमानतीत खयानत आहे.

जुने घर पाडताना भिंतीत किंवा जमिनीत ऐवज सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरतात. त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत. दुबईला किंवा सौदीला जाणाऱ्या नातेवाइकाच्या सामानात "तिकडे जास्त येतात" म्हणून अशी नाणी देणे म्हणजे त्याला तुरुंगाच्या दारात उभे करणे होय.

वारशाने सोने मिळाले म्हणून कर लागत नाही, पण विकल्यावर नफ्यावर लागतो. २३ जुलै २०२४ पासून, २४ महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या सोन्यावर हा दर १२.५ टक्के आहे. वडिलांकडे ते जितका काळ होते तोही धरला जातो. २००१ पूर्वीचे सोने असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत खरेदीकिंमत म्हणून धरता येते. तो हिशेब कर सल्लागाराकडून करून घ्यावा. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेऊ नये, दंड घेणाऱ्याला होतो आणि इथे घेणारे आपण असतो. घरगुती जुने सोने विकणाऱ्यावर जीएसटी नाही. त्या नावाने कोणी पैसे कापले तर द्यायला नकार द्यावा.

शेवटचे पण महत्त्वाचे, पावती. तिच्यावर वजन, कस, घट, त्या दिवसाचा भाव आणि रक्कम ही पाचही कलमे वेगवेगळी लिहून घ्यावीत, आणि पैसे बँकेत घ्यावेत. जो सराफ ही पाच कलमे आनंदाने लिहून देतो, त्याच्याशी पुन्हा व्यवहार करावा. जो "एवढा विश्वास नाही का?" असे विचारतो, त्याला अदबीने सलाम करून पुढच्या पेढीकडे जावे. घरातले सोने आणि नाणी ही आई-वडिलांची मेहनत आहे. ती विकावी लागली तर तिचा पुरा मोबदला घेणे हे आपले कर्तव्य आहे.