कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत: एका पेशीतली मालवाहतूक

मानकोली नाक्यावर गोदामांतून निघणारे ट्रक पाहिले की मला चेतापेशी आठवते. पायाचे स्नायू हलवणाऱ्या पेशीचं मुख्य शरीर कमरेजवळ मज्जारज्जूत असतं आणि तिचा अक्षतंतू थेट पावलापर्यंत जातो. जवळजवळ एक मीटर, आणि पेशी एकच! बहुतेक प्रथिनं मुख्य शरीरातच तयार होतात, मग ती टोकाला पोचतात कशी?

तंतूच्या आत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात. त्यांवरून ‘कायनेसिन’ हे प्रथिन मालाची पिशवी घेऊन अक्षरशः दोन पायांनी चालतं. एक पाऊल 8 नॅनोमीटरचं, दर पावलाला पेशीचं इंधन असलेल्या एटीपीचा एक रेणू खर्च. जलद माल दिवसाला 200 ते 400 मिलिमीटर सरकतो, म्हणजे पावलापर्यंत तीन-चार दिवस. परतीचा माल ‘डायनिन’ आणतं. कायनेसिन सापडलं 1985 मध्ये, माकुळाच्या चेतापेशींत.

आपल्याजवळ, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा हीच वाहतूक 1 मिलिमीटरच्या पारदर्शक कृमीत पाहते. त्याच्या अंगात चेतापेशी फक्त 302. जिवंत कृमीत पिशव्या सरकताना दिसतात, आणि अ‍ॅक्टिन या प्रथिनाची दाटी असेल तिथे चक्क वाहतूककोंडीही होते.