सहा बाय सहाच्या पलंगावर एक लाख माणसं

वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्याला रेल्वे नाही. शेजारच्या कारंज्याला होती, शेजारच्या दारव्ह्यालाही होती. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी शकुंतला ही नॅरोगेज गाडी या दोन्ही गावांत थांबायची, मानोरा तेवढं बाजूला राहिलं. आता तर शकुंतलाही थांबली. पण ११३ किलोमीटरचा तो मार्ग घरात मांडायचा म्हटला तर काय लागेल? हा प्रश्न एका दुपारी डोक्यात शिरला आणि वहीची आठ पानं खाऊन गेला.

छोट्या रेल्वेचा छंद जगभर आहे, त्याचे क्लब आहेत आणि त्यांत सर्वांत जास्त चालणारं प्रमाण १:८७ आहे. ८७ हा आकडा विचित्र वाटतो. खऱ्या जगातल्या एका फुटाला मॉडेलमध्ये साडेतीन मिलिमीटर, एवढाच त्याचा उगम. ३०४.८ ला ३.५ ने भागा, ८७ येतात. ‘ओ’ नावाच्या जुन्या मोठ्या मापाच्या साधारण निम्मं म्हणून याला ‘एचओ’ म्हणतात, म्हणजे हाफ ओ. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जमवलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय याच प्रमाणात आहे. ते १ एप्रिल १९९८ ला खुलं झालं. अकोल्यातून वेगळा झालेला आमचा वाशीम जिल्हा त्याच वर्षी १ जुलैला जन्मला, म्हणजे संग्रहालय जिल्ह्याहून तीन महिन्यांनी मोठं.

हिशेबाला बसलं की पहिला धक्का भारतीय ब्रॉडगेज देते. बाजारात मिळणाऱ्या एचओ रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं. त्याला ८७ ने गुणा, १४३५ मिलिमीटर येतात. हे युरोप-अमेरिकेचं माप झालं. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची आहे, तिला १९.२६ मिलिमीटरचे रूळ हवेत. त्यामुळे आपल्याकडचा छंदी माणूस विदर्भ एक्स्प्रेस चालवतो खरा, पण ती जर्मन रुळांवर, पावणेतीन मिलिमीटर अंग चोरून.

शकुंतलेचं मात्र उलटं आहे. तिचे रूळ ७६२ मिलिमीटरचे, अडीच फुटांचे. भागिले ८७, म्हणजे ८.७६ मिलिमीटर. आणि बाजारात ‘एन’ नावाच्या आणखी लहान प्रमाणासाठी ९ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. नऊ गुणिले सत्त्याऐंशी, ७८३. चूक खऱ्या मापात २१ मिलिमीटरची, मॉडेलमध्ये पाव मिलिमीटरची. डोळ्याला दिसणारही नाही. राजधानी, वंदे भारत बसत नाहीत आणि वऱ्हाडातली कापसाची गाडी अलगद बसते, याचं मला उगाच बरं वाटलं.

वळणाचंही तेच. ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण १० अंशांचं, त्याची त्रिज्या १७५ मीटर. मॉडेलमध्ये ती दोन मीटर होते, म्हणजे गाडी नुसती मागे फिरवायला चार मीटर रुंद खोली हवी. शिवाय २२ डब्यांची गाडी इंजिनासकट सव्वासहा मीटर लांब, म्हणजे वीस फुटांची खोली एका फलाटातच संपली. हुबळीचा १५०७ मीटरचा फलाट करायला घ्याल तर १७ मीटरचा ओटा बांधावा लागेल. अडीच फुटी गाडीला मात्र ४० अंशांचं वळण चालतं. त्रिज्या ४४ मीटर, मॉडेलमध्ये अर्धा मीटर. घडीच्या टेबलावर मावतं. इंग्रजांच्या काळात नॅरोगेज घातली ती पैसा आणि जागा वाचवायला. शकुंतलेचा मार्ग घालणाऱ्या किलिक निक्सनच्या कंपनीला १९१० च्या सुमारास जे गणित पटलं, तेच दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्याला आज पटतं.

आता खरी गंमत. लांबी ८७ पट कमी होते, पण क्षेत्रफळ ८७ गुणिले ८७, म्हणजे ७,५६९ पट कमी होतं. घनफळ आणि त्याच्याबरोबर वजन ६,५८,५०३ पट. १२३ टनांचं विजेचं इंजिन काटेकोर प्रमाणात केलं तर १८७ ग्रॅम भरेल, पाव किलो वांग्यांपेक्षाही हलकं. एवढं हलकं इंजिन डबे ओढेना, चाकं जागच्या जागी फिरवत बसतं, म्हणून आत मुद्दाम वजन घालतात. भारतीय रेल्वेचं साधारण ६८,००० किलोमीटरचं जाळं एका ओळीत मांडलं तर ७८० किलोमीटर होतं. मुंबईहून निघालेला तो खेळण्यातला रूळ वर्धा ओलांडून नागपूरच्या थोडा अलीकडे संपेल. आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ? एक किलोमीटर ३०० मीटर. सकाळी फिरायला जाण्याइतकं अंतर. तीस बाय वीस फुटांच्या हॉलमध्ये भिंतीच्या कडेनं गुंडाळलं तर त्रेचाळीस फेऱ्या.

इथपर्यंत सगळं आवाक्यातलं वाटतं. मग वहीचं तिसरं पान उलटलं आणि लक्षात आलं की एक गोष्ट ८७ नं भागली जातच नाही: मोजदाद. एक झाड लहान केलं तरी झाड एकच राहतं.

गिट्टी घ्या. पाच सेंटिमीटरचा दगड मॉडेलमध्ये अर्ध्या मिलिमीटरहून जरा मोठा होतो, म्हणजे रव्याचा दाणा. (खरा रवा घालू नये. आठ दिवसांत मुंग्या येतात आणि पावसाळ्यात पोरकिडे. बारीक चाळलेली वाळू बरी.) नॅरोगेजला एका मीटरला अर्धा घनमीटर गिट्टी धरली तर मॉडेलच्या मीटरभर रुळाला ६६ मिलिलिटर लागते, टपरीवरचा अर्धा चहा. पण त्या अर्ध्या चहात साडेतीन लाखांवर दगड असतात. सगळ्या मार्गाची गिट्टी नऊ बादल्यांत मावते आणि त्या नऊ बादल्यांत ४७ कोटी दगड. पसरायची ब्रशनं, वरून साबणाच्या थेंबाचं पाणी फवारायचं, मग पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरनं थेंब थेंब सोडायचा. वाळेपर्यंत कुणी शिंकायचं नाही.

रूळ साधारण एक वाराच्या तुकड्यात मिळतात. १३०० मीटरला १,४२० तुकडे, दोन्ही बाजूंचे धरून २,८४० सांधे. वीज रुळांतूनच इंजिनाला पोचते, त्यामुळे एक सांधा रुसला की गाडी थांबली. समजा तुम्ही इतके निष्णात आहात की हजारात एकच सांधा खराब निघतो. तरीही सगळेच्या सगळे २,८४० सांधे एका वेळी नीट असण्याची शक्यता सहा टक्के आहे. शंभरातले चौऱ्याण्णव दिवस गाडी कुठेतरी अडकलेलीच. म्हणून जाणकार सांध्यावर विश्वास ठेवत नाहीत, प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार सोल्डर करतात. त्यात आमचा उन्हाळा. हिवाळ्यातल्या १२ अंशांवरून मेमधल्या ४५ वर पारा गेला की दहा मीटर रूळ पाच मिलिमीटर वाढतो. फट ठेवली नाही तर रूळ उचलला जातो, आणि जास्त ठेवली तर अर्ध्या मिलिमीटरची फट त्या जगात सव्वाचार सेंटिमीटरची दरी असते. तिथे डोक्यावरचा एक केस पडला तरी तो सहा मिलिमीटरचा दोर. पाल फिरली तर ती दहा मीटरची.

पण मला खरं गारद केलं ते पऱ्हाटीनं. शकुंतला दाखवायची आणि कापूस दाखवायचा नाही, हे चालणार नाही. तो मार्गच कापसासाठी होता. कापूस मँचेस्टरला गेला आणि १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन मँचेस्टरहून आलं, ते १५ एप्रिल १९९४ ला डिझेल येईपर्यंत राबलं. तर एक एकर शेत मॉडेलमध्ये पावणेसहा चौरस फूट होतं, दोन बाय तीनच्या प्लायच्या तुकड्याहून किंचित कमी. चार फूट बाय दीड फूट लावणीनं एकरात ७,२६० झाडं. प्रत्येक झाड दीड सेंटिमीटरचं: तारेचा तुकडा, त्यावर हिरवा भुसा, वर पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके. अर्धं मिनिट धरा. एका एकराला साठ तास. आता रुळाच्या दोन्ही अंगांना फक्त एक-एक फूट रुंदीचं दृश्य ठेवलं, तरी सगळ्या मार्गावर ते १,४५० एकरांच्या वर भरतं. नाले, गावं, पडीक, तूर-सोयाबीन वजा करून निम्मीच कपाशी धरली तरी ५३ लाख झाडं. ४४,००० तास. दहा जणांचा क्लब दर रविवारी तीन-तीन तास बसला तर अठ्ठावीस वर्षं, आणि तेही फक्त पऱ्हाटीची. खरं पीक सहा महिन्यांत येतं.

मानोरा तालुक्याचंच एक दृश्य घालायचं तर पोहरादेवी हवी. बंजारा समाजाची ती काशी, संत सेवालाल महाराजांचं समाधिस्थान. रामनवमीच्या यात्रेला तिथे लाखोंनी माणसं लोटतात. शकुंतला तिकडून जात नव्हती, पण छंदाच्या भूगोलात एवढी सूट असते. एक लाखच माणसं धरू. यात्रेच्या दाटीत चौरस मीटरला चार उभी राहिली तर पंचवीस हजार चौरस मीटर जागा लागते. भागिले ७,५६९: सव्वातीन चौरस मीटर. सहा बाय सहाचा डबलबेड! एक लाख माणसं, प्रत्येक जण दोन सेंटिमीटरचा, एका पलंगावर मावून वर कड शिल्लक राहते. आणि रंगवायला? माणसामागे पाच मिनिटं, रोज आठ तास, एकही सुट्टी नाही, तर २ वर्षं १० महिने. बंजारा स्त्रियांच्या वेशावर आरसे, कवड्या आणि भरतकाम असतं, त्याला पाच मिनिटं पुरणार नाहीत हे मला माहीत आहे. मी मुकाट्यानं पान उलटलं.

हे असलं वेड कुणी केलंच नाही असं नाही. हॅम्बुर्गमध्ये फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी ऑगस्ट २००१ मध्ये ‘मिनियाटुर वुंडरलँड’ उघडलं, याच १:८७ मध्ये. तिथले रूळ १५ किलोमीटरच्या वर आहेत, म्हणजे खऱ्या मापात १,३०० किलोमीटर. मुंबईहून दिल्लीला निघालेली गाडी जवळजवळ पोचली असती. गाड्या हजारावर, माणसं अडीच लाखांहून अधिक. तिथला एकटा विमानतळ उभारायला सहा वर्षं लागली. पगारी माणसांची फौज राबते तेव्हा हे होतं. आमच्या पलंगावरची यात्रा त्यांच्या लोकसंख्येच्या निम्म्याच्याही आत आहे, एवढंच समाधान.

मोजदादीबरोबर आणखी एक गोष्ट लहान होत नाही, आणि ती मला सातव्या पानावर सापडली. वेळ. ताशी २० किलोमीटरनं चालणारी गाडी मॉडेलमध्ये सेकंदाला ६.४ सेंटिमीटर सरकते. मुंगळा तिच्याशी शर्यत लावेल. अंतर ८७ पट कमी, वेगही ८७ पट कमी, मग भागाकार तोच. मूर्तिजापूरला सुटलेली आपली इवली शकुंतला हॉलच्या त्रेचाळीस फेऱ्या मारून यवतमाळला पोचायला मधले थांबे न धरता ५ तास ३९ मिनिटं घेणार. ४७ कोटी दगड कुणी मोजणार नाही, पण हे पावणेसहा तास कुणालातरी समोर उभं राहून काढावे लागतील. क्लबवाले यावर दोन युक्त्या करतात. भिंतीवरचं घड्याळ चौपट किंवा सहापट पळवतात आणि त्याच घड्याळाचं वेळापत्रक छापतात. आणि मधलं अंतर सरळ खाऊन टाकतात. दोन स्टेशनांमधलं वीस किलोमीटरचं रान तीन मीटरमध्ये उरकतात, उरलेलं पडद्यामागे.

आठव्या पानावर म्हणून एवढंच उरलं: चार फूट बाय दोन फुटांचे तीन बोर्ड. एकावर दारव्हा मोतीबागसारखं स्टेशन, फलाट, दोन काटे, पाण्याची टाकी, चार-पाच डब्यांची गाडी. दुसऱ्यावर नाला, पूल आणि बाभळी. तिसऱ्यावर एक एकर पऱ्हाटी, पूर्ण ७,२६०, एकही कमी नाही, तेवढा हट्ट ठेवायचा. दोन्ही टोकांना पुठ्ठ्याची भिंत, भिंतीत एक भोक. गाडी शेताकडेनं हळूहळू येते, भोकात शिरते, मागच्या अंधारात उभी राहते. पळणाऱ्या घड्याळातही कारंजा यायला बराच अवकाश असतो. तेवढ्यात कुणीतरी खाली जाऊन चार चहा घेऊन येतं.