इंग्रजी थाटाची सजावट आणि आपले कारागीर

महाबळेश्वर-पाचगणीला बंगला किंवा हॉटेल बांधणारे मालक पुष्कळदा सांगतात, "आतली सजावट इंग्रजी थाटाची हवी." मासिकातले एखादे चित्र पुढे केले जाते. सातारा, वाई, सांगली, मिरजेकडचे आपले सुतार, पॉलिशवाले, गादीवाले चित्र पाहून दर सांगतात. पण चित्रातली वस्तू तशी का आहे, हे सांगता आले नाही तर नमुना ठरविण्याचे काम बाहेरच्या माणसाकडे जाते आणि आपल्या वाट्याला फक्त मजुरी उरते. म्हणून या पद्धतीची माहिती करून घेणे आपल्या फायद्याचे आहे.

इंग्लंडमधील जमीनदारांची खेड्यात मोठमोठी घरे असत. त्यांना कंट्री हाऊस म्हणतात. दगडी भिंती, थंडी आणि ओल यांवर उपाय म्हणून तेथील बरीचशी सजावट तयार झाली. भिंतीला लाकडी पॅनेल लावले की दगडाचा गारठा कमी लागतो. उंच पाठीच्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी कान असतात, ते वाऱ्याची झुळूक अडवतात. शेकोटीची फायरप्लेस, जाड पडदे, गालिचा यांचा उपयोगही तोच.

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार करून गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वरला इंग्रजांची वसाहत उभी केली. पुढे जॉन चेसन यांनी पाचगणी वसविली. जांभ्या दगडाच्या बंगल्यांत फायरप्लेस आणि धुराडे आले. पण व्हरांडा आला तो इथल्या ऊन-पावसामुळे, आणि 'बंगला' हा शब्द तर बंगालवरून पडलेला. म्हणजे ज्याला आपण इंग्रजी बंगला म्हणतो तो पहिल्यापासून मिश्र आहे.

कापडाचेही तसेच. इंग्रजी घरांतील फुलाफुलांच्या पडद्यांना 'चिंट्झ' म्हणतात. हा शब्द आपल्या 'छीट' वरून गेला. हिंदुस्थानची छीट तिकडे इतकी खपू लागली की तेथील विणकरांच्या तक्रारीवरून १७०० आणि १७२१ मध्ये तिच्याविरुद्ध कायदे करावे लागले. गालिच्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. थॉमस व्हिट्टी या विणकराने लंडनमध्ये तुर्की गालिचा पाहिला आणि १७५५ मध्ये ॲक्समिन्स्टर येथे तसा विणण्यास सुरुवात केली. त्या गावाचे नाव आजही गालिच्यांना चालते.

या घरांचे सामान बनविणाऱ्यांत थॉमस चिपेंडेल यांचे नाव सर्वांत मोठे. ते यॉर्कशायरमधील एका सुताराचे चिरंजीव. १७५४ मध्ये त्यांनी खुर्च्या, कपाटे, मेजे यांच्या नमुन्यांचे पुस्तक छापले. त्यात दीडशेहून अधिक चित्रे होती. उमराव आणि सुतार दोघांनीही ते घेतले. गिऱ्हाईक चित्र आणण्याआधी कारागिरानेच चित्र पुढे ठेवले, आणि हेअरवुड हाऊससारख्या घरांची कामे त्यांना मिळाली. मात्र बडे गिऱ्हाईक बिले वेळेवर देत नसत, त्यामुळे त्यांची नेहमी ओढाताण होई.

आता आपल्याकडचा हिशेब पाहू. महाबळेश्वरला थंडी आणि प्रचंड पाऊस. तेथे फायरप्लेस, पॅनेल शोभतात आणि उपयोगीही पडतात, पण लाकूड पूर्ण वाळलेले हवे आणि पॅनेलला फुगण्यास जागा ठेवावी. भिंतीची ओल आधी बंद करावी. सांगली-मिरजेच्या उन्हाळ्यात मात्र जाड पडदे आणि मखमली कोच त्रासाचे. तेथे उंच छत, व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, सुती छीट हाच इंग्रजी बंगल्यातला उपयोगी भाग आहे, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावे. पाचगणीत दिसणारा सिल्व्हर ओक हा ऑस्ट्रेलियातला वेगळा वृक्ष आहे, इंग्रजी घरातला ओक नव्हे. ओक म्हणून तो विकू नये. विश्वास एकदा गेला की परत येत नाही.

आपल्या बांधवांनी तीन गोष्टी कराव्यात. जुन्या बंगल्यात दुरुस्तीचे काम मिळाले की मालकाच्या परवानगीने खुर्ची, दरवाजा, मॅन्टलपीस यांची मापे वहीत उतरवून घ्यावीत. स्वतःच्या नमुन्यांची चित्रे व फोटो एका वहीत लावून दुकानात ठेवावेत. आणि लाकडाची जात, पॉलिशचा प्रकार, मुदत व आगाऊ रक्कम लिहून सही घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. चिपेंडेल यांच्या पुस्तकापासून पहिल्या दोन गोष्टी शिकाव्यात आणि त्यांच्या थकलेल्या बिलांपासून तिसरी.